पालटलेला क्रम

भूपाल मगदूम आजारातून उठले आणि सगळ्या कॉलनीला आवडू लागले.

त्याआधी ते कुणाला नावडत होते असं नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेला हा उंच, मितभाषी माणूस सांगलीत विश्रामबागेत घर बांधून राहिला होता; पण शेजारीपाजारी त्यांच्याशी जपूनच बोलत. कुणी सल्ला विचारला तर ते देत, आणि तो ऐकणाऱ्याला रुचेल की नाही याची फिकीर करत नसत. लग्नाला मुहूर्तावर हजर, अक्षता पडल्या की परत. ‘साहेबांचा शब्द म्हणजे शब्द,’ असं लोक म्हणत आणि आपापल्या कामाला लागत.

पावसाळा सरता सरता त्यांना मेंदूज्वर झाला. मिरजेच्या मेंदूविकार केंद्रात कित्येक दिवस ते शुद्ध-बेशुद्धीच्या काठावर होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्वांत आधी काय केलं, तर सलाइन बदलणाऱ्या नर्सला विचारलं, “तुम्ही जेवलात का?” त्यांची बायको कुमुदिनी दाराशी उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला वाटलं, अजून ग्लानीत आहेत.

ग्लानी नव्हती. घरी आल्यावर ते फाटकाशी उभे राहू लागले. समोरच्या कांबळे बाईंचा गुडघा, इस्त्रीवाल्याच्या मुलीची परीक्षा, कोपऱ्यावरच्या देसायांचा परदेशातला मुलगा फोन का करत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक झालं. बोलता बोलता डोळे भरून यायचे. स्मरणशक्ती शाबूत होती; कायद्याचं कलम विचारलं तर अचूक सांगत. पण दोन माणसं त्यांच्यापुढे भांडली तर कोण बरोबर हे काही त्यांना सांगता येईना. दोघांचेही हात धरून ते नुसते कासावीस होत.

“वहिनी, देव पावला तुम्हाला,” कांबळे बाई म्हणाल्या. “केवढा मऊ झाला हो माणूस.”

कुमुदिनी हसली आणि आत गेली.

ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यापासून जत-कवठेमहांकाळकडच्या माळरानांवरच्या गवतांवर पुस्तक लिहीत होती. मारवेल, पवन्या, कुसळी, शेडा; लांबून सगळी सारखीच दिसणारी, भिंगाखाली एकेक वेगळी. प्रकरण लिहून झालं की ते भूपालांपुढे ठेवायचं, असा शिरस्ता होता. त्यांना गवतातलं काही कळत नव्हतं, पण लिहिण्यात पोकळी कुठे आहे ते लगेच कळे. समासात पेन्सिलीची एक बारीक रेघ, आणि जेवताना एवढंच, “सातव्या पानावर तू जे सिद्ध झालं म्हणतेस, ते सिद्ध झालेलं नाही.” त्यांनी कधी ‘छान’ म्हटलं नाही. ज्या पानाला रेघ नाही ते चांगलं, हे तिला समजायचं. त्या रेघांसाठी हा माणूस रविवारचे रविवार टेबलाशी बसतो, यात काय होतं हे तिला दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

आजारानंतर तिने पहिलं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, कुरवाळल्यासारखा पानांवरून हात फिरवला. “फार सुंदर झालंय, कुमुद. किती कष्ट घेतेस.”

पुढच्या प्रकरणात तिने मुद्दाम चूक केली. वरच्या परिच्छेदात लिहिलं, पवन्याला कुसळं असतात. खालच्यात लिहिलं, नसतात. त्यांनी तेही वाचून सुंदर म्हटलं.

“कुठे काही खटकलं नाही?” तिने विचारलं.

त्यांनी पानाकडे पाहिलं नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “खटकलं ना. थोडंसं.”

“कुठे?”

त्यांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. “तुला काय ऐकायचंय ते सांग ना. मी तसं म्हणतो.”

तिने पानं उचलली आणि आत जाऊन बसली. आजारी माणसावर हात उगारल्यासारखं तिला वाटत होतं. आणि त्याहून वाईट हे, की तिला नवऱ्याची आठवण येत होती आणि नवरा तर बाहेरच्या खोलीत बसलेला होता.

*

“तुमच्या लक्षात आलं ते बरोबर आहे, काकू,” मिरजेच्या केंद्रातल्या डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. “हा बघा आजाराआधीचा क्रमलेख. आणि हा आत्ताचा.”

मन कुठल्या क्रमाने काम करतं ते दाखवणारा हा आलेख कुमुदिनीला नवा नव्हता. गेल्या काही वर्षांत तो रक्तगटासारखा सगळीकडे विचारला जाऊ लागला होता. लग्न जमवणारे पत्रिकेच्या आधी तो मागत. तिची मुलगी त्रिशला पुण्यात ज्या कंपनीत होती तिथे कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणी कुणाच्या हाताखाली काम करायचं, हे त्यावरून ठरत असे. भूपालांचा क्रमलेख निवृत्तीच्या वेळी सरकारी नियमाप्रमाणे निघाला होता. तो बघून त्यांनी बाजूला ठेवला होता आणि म्हटलं होतं, “यात मला माहीत नाही असं काही नाही.”

डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेघा मोठ्या केल्या. “मन जगाला दोन तऱ्हांनी आत घेतं. एक संवेदन, म्हणजे जे समोर आहे, डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, ते. दुसरं अंतर्ज्ञान, म्हणजे जे समोर नाही पण असू शकेल, ते. आत घेतलेल्याचा निवाडाही दोन तऱ्हांनी होतो. विचाराने, की हे खरं आहे का, एकमेकांशी जुळतंय का. किंवा भावनेने, की हे माणसांना कसं लागेल, यात जपण्यासारखं काय आहे. या चारही गोष्टींचं तोंड बाहेरच्या जगाकडे असू शकतं किंवा आतल्या. म्हणून झाले आठ मनोव्यापार.”

“आठही प्रत्येकात असतात?”

“असतातच. फरक क्रमाचा. आपण उजव्या हाताने लिहितो म्हणून डावा हात नसतो असं नाही. पहिला व्यापार म्हणजे आपला सवयीचा हात. दुसरा त्याच्या मदतीला. तिसरा अधूनमधून. चौथा मात्र पहिल्याच्या अगदी उलट टोकाचा असतो. तो आयुष्यभर कच्चा राहतो, आणि माणूस फार थकला किंवा घाबरला की तेवढ्यापुरता बाहेर येतो. उरलेले चार त्याच्याही मागे, अंधारात.”

ही कल्पना जुनीच होती. शतकभर ती पुस्तकांत होती, आणि प्रश्नावली सोडवून स्वतःला चार अक्षरांची पाटी लावून घेण्याचा तो एक खेळ होऊन बसला होता. शास्त्रज्ञ तिला फारसं मोजत नसत, कारण तीच माणसं महिन्याने तीच प्रश्नावली सोडवून वेगळीच निघत. मग मेंदूतल्या चेतापथांचा वेग क्षणाक्षणाला टिपणारी टोपी आली. माणसापुढे एखादा पेच ठेवला की कुठला पथ आधी पेटतो, कुठला मागून येतो, हे तिच्यात दिसू लागलं. आता माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं हे विचारायची गरज उरली नाही.

“साहेबांचा पहिला व्यापार होता अंतर्मुख विचार,” डॉक्टर म्हणाल्या. “मग बहिर्मुख अंतर्ज्ञान, मग अंतर्मुख संवेदन, आणि तळाशी बहिर्मुख भावना. ज्वराने पहिला पथ सर्वांत जास्त भाजला. मेंदूने तोल सांभाळायला सगळा क्रमच पालटला. तळाशी होती ती बहिर्मुख भावना आता वर आहे आणि विचार तळाला गेलाय. समोरच्याचा चेहरा हेच आता त्यांचं जग आहे.”

“पुन्हा पहिल्यासारखं होईल?”

“पूर्वी नसतं झालं. आता चुंबकीय स्पंदनांनी जुना क्रम बसवता येतो. भाजलेला पथ बऱ्यापैकी भरून आलाय. पण उन्हाळा लागला की नवा क्रम पक्का होईल, मग हात लावता येणार नाही.” त्या थांबल्या. “अडचण वेगळीच आहे. कायद्याने साहेब सज्ञान आहेत, शहाणे आहेत. संमती त्यांचीच लागते. मी त्यांना विचारलं. ते हो म्हणाले.”

कुमुदिनीने मान वर केली.

“थांबा. त्रिशलाताई परवा आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तर नको म्हणाले. त्या गेल्यावर आमच्या फिजिओथेरपिस्टने विचारलं. त्याला म्हणाले, तुला काय वाटतं? काकू, जो बघेल त्याचं मन राखणं हाच त्यांचा आत्ताचा स्वभाव आहे. त्यांच्या होकाराला मी होकार कसा मानू?”

*

त्रिशला शनिवारी आली. आजारानंतर ती दर शनिवारी येत होती. त्याआधी वर्षातून एकदा, पर्युषणात, तेही आईसाठी.

ती कॉलेजात असताना तिच्या स्कूटरने एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला उडवलं होतं. घाबरून ती पळून आली होती. संध्याकाळी तिने बापाला सगळं सांगितलं. ते ऐकून भूपाल उठले, गाडीची किल्ली घेतली आणि तिला थेट पोलीस ठाण्यात घेऊन गेले. म्हातारा वाचला, पाय मोडला होता. त्रिशलावर खटला झाला, शिक्षा झाली ती दंडाची. ठाण्यात ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर ताठ बसून होते, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यानंतर बापलेकीत बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

यंदा दिवाळीत त्यांनी तिला जवळ बसवून म्हटलं होतं, “त्या दिवशी मी आधी तुझा हात धरायला हवा होता. किल्ली नंतर.”

आता स्वयंपाकघरात आईसमोर उभी राहून त्रिशला म्हणाली, “या वयात मला वडील मिळालेत. आणि तू त्यांना परत पाठवायचं म्हणतेस?”

“मी परत आणायचं म्हणतेय.”

“कुणाला? तुला भीती वाटायची त्यांची. आम्हा दोघींना वाटायची.”

“मला नाही वाटायची,” कुमुदिनी म्हणाली. “तुला तसं वाटलं, कारण आम्ही फार बोलायचो नाही.”

“मग होतं काय त्यांच्यात?”

कुमुदिनीने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिची स्वतःची भावनाही आत वळलेली होती, बोलून दाखवता न येणारी. क्रमलेख न बघताही तिला ते माहीत होतं. बाहेर ओसरीवर भूपाल कांबळे बाईंच्या नातीला काहीतरी सांगून हसवत होते. त्या घरात एवढं हसू पूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं, हे तिलाही नाकारता येत नव्हतं.

“तू हट्ट धरलास तर ते हो म्हणतील,” त्रिशला हळू आवाजात म्हणाली. “मी धरला तर नको म्हणतील. आपण दोघींनी त्यांना असं ओढायचं का, आई?”

*

उपचाराआधी एक चाचणी करतात. स्पंदनं कमी जोराची देऊन जुना क्रम थोड्या वेळापुरता परत येतो का ते बघतात. मग तो आपोआप मावळतो. ही चाचणी करायला भूपाल आनंदाने तयार झाले, कारण डॉ. मुजावरांना ते सोयीचं होतं. सकाळच्या उन्हात ते तिघं मिरजेला गेले. बिनचालकाच्या रिक्षातून उतरतानासुद्धा भूपालांनी सवयीने ‘येतो हं’ म्हटलं.

त्रिशला बाहेर बाकावर बसली. आत खुर्चीवर टोपी घालून भूपाल बसले, समोर कुमुदिनी. यंत्र बारीक टिकटिकत राहिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं आणि पाठ सरळ झाली. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“किती वेळ आहे?”

“पाऊण तास, साहेब. कदाचित कमी.”

“तुम्ही इथेच थांबा. हे बोलणं कुणी तटस्थ माणसाने ऐकलेलं बरं.” मग ते बायकोकडे वळले. “कुमुद, तू वाळलीस.”

तिने विचारलं, “तुम्हाला मधलं सगळं आठवतंय?”

“सगळं. कांबळे बाईंच्या गुडघ्यासकट.” ते हसले नाहीत. “आठवतंय, पण ते मी केलं असं वाटत नाही. दुसऱ्या कुणी केलं असंही म्हणता येत नाही. हा मुद्दा मला सुटलेला नाही. तो तसाच राहू दे. विचार, काय विचारायचंय?”

“तुम्हाला काय हवंय? तुम्ही म्हणाल तसं करू. डॉक्टर ऐकतायत.”

ते विचार करत राहिले. तिला ती शांतता ओळखीची होती. त्या शांततेतच ती संसारभर राहिली होती.

“मी सांगणार नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“यात माझा हितसंबंध आहे. दोघांपैकी एकच राहणार, आणि त्या दोघांतला एक मी आहे. असा दावा माझ्यापुढे आला असता तर मी तो दुसऱ्या कोर्टाकडे पाठवला असता.”

“मग मी ठरवू?”

“तुझाही हितसंबंध आहे. त्रिशलाचाही.”

“अहो, तुम्हाला जगायचं नाही का?”

“जगायचंय,” ते लगेच म्हणाले. “म्हणूनच सांगत नाही.”

डॉ. मुजावर खिडकीकडे बघू लागल्या. कुमुदिनीने पदराने डोळे टिपले. भूपाल जराशाने म्हणाले, “त्यालाच विचारा. आज जगणारा तो आहे. पण तुम्ही सगळे समोर बसून विचारता, तिथे चुकतं. साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नसतो. त्याच्या बाबतीत तुमचा चेहराच तसा प्रश्न होतो. त्याला एकटं बसवा. कुणी बघत नाही, ऐकत नाही अशा खोलीत. हवा तेवढा वेळ द्या. तो जे म्हणेल ते अखेरचं. त्यावर अपील नाही.” मग डॉक्टरांना, “हे होऊ शकतं?”

“होऊ शकतं, साहेब.”

“आणि कुमुद, तो मूर्ख नाही. तुला तसं वाटतं, मी बघितलंय. मला युक्तिवादातली खोट जशी दिसते, तसं त्याला समोरच्याचं दुखणं दिसतं. डोळे मिटून घेता येत नाहीत. ते सोपं नाही.”

“त्रिशला बाहेर बसलीय,” ती म्हणाली. “बोलावू?”

पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा हलला. “नको. काय बोलणार मी? आजही मी तिला ठाण्यात नेईन. तो तिचा हात धरू शकला. मला ते कळत होतं, पण हात उचलत नव्हता. ते त्याच्याकडेच राहू दे.” त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. “प्रकरण आणलंयस?”

तिने ते आणलं होतं. काढायचं की नाही, हे पिशवीत ठेवताना ठरवलं नव्हतं. तिने पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी डॉक्टरांकडून पेन्सिल मागून घेतली आणि वाचायला लागले.

उरलेला वेळ त्यांनी वाचण्यातच घालवला. खोलीत यंत्राची टिकटिक आणि पानं उलटल्याचा आवाज. मध्येच ते म्हणाले, “हे पवन्याचं मुद्दाम केलंस.”

“हो.”

“तसं करू नकोस. त्याच्याशी.”

ती मान खाली घालून बसली. पेन्सिल समासातून खाली सरकत होती, थांबत होती. शेवटच्या पानांवर ती अधिकच झपाट्याने चालू लागली.

“इथे बघ. तुझी गवतं ओळखण्याची फांद्यांची सारणी. पहिल्या फांदीवर तू म्हणतेस, या जातीची कणसं जोडीने येतात. तिसऱ्या फांदीवर हीच जात पुन्हा एकेरी कणसात टाकलीस. म्हणजे माळावर हे गवत हातात घेऊन उभा असलेला माणूस दोन ठिकाणी पोचेल आणि त्याला…”

ते थांबले. पेन्सिल हातातच होती. त्यांनी पानावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा विरघळला.

“कुमुद? तू रडतेस? काय झालं गं?”

*

पुढच्या आठवड्यात भूपालांना केंद्राच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत नेलं. भिंती कोऱ्या, एक खुर्ची, एक टेबल, ध्वनिमुद्रक. काच नाही, कॅमेरा नाही. डॉ. मुजावरांनी त्यांना सारं समजावलं: जुना क्रम परत आणायचा की हाच राहू द्यायचा, एवढंच बोलायचं; आम्ही सगळे आवारातून निघून जाणार; तुम्ही दार उघडाल तेव्हाच परत येऊ. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. कुमुदिनी मुद्दामच आत गेली नाही.

ती आणि त्रिशला समोरच्या रस्त्यावरच्या हॉटेलात चहा घेऊन बसल्या. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोनदा चहा निवला, दोनदा मालकाने न विचारता बदलून दिला.

दुपारी डॉक्टरांनी त्यांना वर बोलावलं. भूपाल खाली बागेत माळ्याशी बोलत होते. डॉक्टरांनी ध्वनिमुद्रण लावलं.

आधी नुसती खोलीची शांतता. मग भूपालांचा आवाज, “कुणी आहे का?” पुन्हा एकदा, “कुणी आहे का तिथे?” खुर्ची सरकल्याचा आवाज. ते चालत असावेत. एकदा हुंदका आल्यासारखं वाटलं. मग इतकी लांब शांतता, की डॉक्टरांनी मधला बराच भाग पुढे सरकवला.

“मला जायचं नाही.”

त्रिशलाने आईचा दंड घट्ट धरला.

“कुमुदला तो हवाय. ती काही बोलत नाही. पण जेवायला वाढताना मला दिसतं. मी हो म्हटलं तर तिचं भलं होईल. तरी मला जायचं नाही. सकाळी जाग येते तेव्हा मला बरं वाटतं, काही कारण नसताना. त्याला कधी वाटायचं नाही. ते मला हवंय.” थोडं थांबून, “एवढंच.”

डॉ. मुजावरांनी ध्वनिमुद्रण बंद केलं. चेतापथ टिपणारी टोपी त्यांनी त्या खोलीतही भूपालांच्या डोक्यावर राहू दिली होती. पडद्यावर त्या वेळच्या रेघा होत्या. “ते ‘तरी’ म्हणाले ना,” त्या म्हणाल्या, “तिथे तळातली विचाराची रेघ उठलीय. जेमतेम. आजारानंतर पहिल्यांदाच.”

कुमुदिनीने त्या रेघेकडे पाहिलं. तिचा अर्थ तिने विचारला नाही. “नाही म्हणाले,” ती म्हणाली. “कुणालाही नाही म्हणता येत नव्हतं त्यांना.” मग ती उठली. “तुमचे आभार, डॉक्टर. उपचार नको.”

जिन्यात त्रिशला रडत होती, सुटल्यासारखी, आनंदाने. कुमुदिनीने तिला सावकाश उतरू दिलं. खाली भूपाल धावतच समोर आले. त्यांचा चेहरा भीतीने आक्रसला होता.

“ऐकलंस? रागावलीस?”

खोटं बोलणं सोपं होतं. “रागावले नाही,” ती म्हणाली. “पण वाईट वाटलं. खूप वाटलं.”

तिघं रिक्षात बसले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदिनी भाकऱ्या करत होती. त्रिशला ओट्याशी भाजी निवडत पुढच्या महिन्याचे बेत सांगत होती. अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन कुठे कुठे जायचं, पुण्याला आठ दिवस नेऊ का. पिठावर थापणारा आईचा हात थांबला, तेव्हा तिच्या ते लगेच लक्षातही आलं नाही.

“तुझे वडील गेले, त्रिशा,” कुमुदिनी म्हणाली.

“आई, ते बाहेर बसलेत.”

“हो. बसलेत.”

तव्यावरची भाकरी करपू लागली. त्रिशलाने हातातली भाजी खाली ठेवली. आपल्याला जे मिळालं तेच इतके दिवस आपण बघत होतो, हे तिला त्या एका क्षणात कळलं असावं, कारण तिने गॅस बंद केला आणि आईला पिठाच्या हातांसकट जवळ घेतलं. कुमुदिनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. गेलेल्या माणसासाठी घरात पाटावर दिवा ठेवतात, माणसं भेटायला येतात, त्याचं नाव घेतात. तिच्याकडे कुणी येणार नव्हतं. उलट सगळी कॉलनी पेढे मागणार होती.

भूपाल दारात येऊन उभे राहिले. आवाज ऐकूनच आले होते. आत यायचं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

“कुमुद, काय होतंय?”

“एका माणसाची आठवण येतेय,” ती म्हणाली.

कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. ते आत आले, भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. “मला सांग त्याच्याबद्दल.”

“तुम्हाला सगळं आठवतंय की.”

“त्याने काय केलं ते आठवतं. तुला तो कसा होता, ते मला ठाऊक नाही. ते तुझ्याकडेच आहे.”

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. तिचं मन राखायला बोलतायत का, हे शोधलं. तिला ठरवता आलं नाही. तिने हात धुतले, पुसले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“मला बघायला आले होते ना,” ती म्हणाली, “सगळे काय काय विचारत होते. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. ते गप्प. मग एकदम म्हणाले, तुम्ही हो म्हणाल ते घरच्यांच्या भिडेखातर म्हणाल का? सगळे चूप झाले. माझे वडील घाबरले. मी म्हटलं, माझं अजून काही ठरलेलं नाही. तर म्हणाले, मग ठरल्यावर कळवा. आणि उठून गेले. पोह्यांना हात नाही लावला.”

त्रिशला ओट्याला टेकून ऐकत होती. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“हे मला आठवतं,” भूपाल म्हणाले. “मग चार दिवसांनी तुझ्या वडिलांचा होकार आला. त्या चार दिवसांत तू काय केलंस?”

कुमुदिनी त्यांच्याकडे बघत राहिली. “हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत.”

“त्याने नाही विचारलं,” भूपाल म्हणाले. “मी विचारतोय.”

तिने पदर नीट केला, क्षणभर विचार केला, आणि त्या चार दिवसांबद्दल सांगायला सुरुवात केली.